अ‍ॅपल, आयबीएम आणि त्यांच्या नकला: प्रोग्रामवर मालकी मजकुराची की कामाची?

नोव्हेंबर २०२२मध्ये काही प्रोग्रामरनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात गिटहब (प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती सेवा), मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआय या कंपन्यांवर दावा लावला. आम्ही सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड वाचून तुमचं एआय शिकलं, आणि आता आमचं नाव व परवान्याच्या अटी गाळून तेच दुसऱ्यांना लिहून देतंय, अशी त्यांची तक्रार होती. घरातलं कुणीतरी आयटीत असलेल्या कुटुंबांत तेव्हापासून एक प्रश्न वारंवार निघतो: कोड उचलला म्हणतात तेव्हा नेमकं काय उचललेलं असतं? लिहिलेल्या ओळी, त्यामागची कल्पना, की त्या ओळी जे काम करतात ते काम?

या प्रश्नाला न्यायालयं पहिल्यांदा थेट भिडली ती १९८२ ते १९८४च्या सुमारास, घराघरांत ठेवता येईल असा संगणक नुकता कुठे बाजारात स्थिरावत असताना. एका कंपनीने नक्कल केली आणि ती हरली. दुसरीने अगदी तसंच चालणारं यंत्र बनवलं आणि ती जगातल्या मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली. दोघींत फरक काय होता हे कळलं, तर आजचे वादही बरेचसे उलगडतात.

आधी पाया: प्रोग्राम हा मजकूर की यंत्राचा भाग?

प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. प्रोग्रामर त्या माणसाला वाचता येतील अशा लिहितो, तो सोर्स कोड. यंत्राला चालवता यावं म्हणून त्याचं आकड्यांच्या रांगांत रूपांतर होतं, तो ऑब्जेक्ट कोड. आणि काही सूचना कारखान्यातच एका चिपमध्ये कायमच्या कोरून ठेवतात. वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. ही चिप म्हणजे रॉम.

आता कायद्याची अडचण बघा. कॉपीराइट मिळतो तो लेखनाला, चित्राला, संगीताला, म्हणजे एखादी गोष्ट ज्या शब्दांत किंवा ज्या रूपात मांडली त्या मांडणीला. यंत्राची युक्ती राखायची असेल तर तिथे पेटंट लागतं. ते मिळवायला ती युक्ती खरोखर नवी आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि ते मर्यादित वर्षांपुरतं असतं. मग ज्या रॉममध्ये प्रोग्राम कोरलाय तिला काय म्हणायचं? ती पुस्तकाची प्रत, की यंत्रातला एक भाग?

अमेरिकेत याच प्रकारचा घोळ पूर्वी एकदा झाला होता. भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो तेव्हा लोकप्रिय होते. त्या गुंडाळ्या म्हणजे गाण्याच्या नकला आहेत का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९०८मध्ये न्यायालयाने नाही म्हणून सांगितलं. भोकं बघून माणसाला गाणं वाचता येत नाही, तो यंत्राचा भाग आहे, असा त्याचा अर्थ. दुसऱ्याच वर्षी संसदेने संगीतापुरती दुरुस्ती केली, पण यंत्रच वाचू शकेल अशा लेखनाला लेखन मानायचं का, ही शंका पुढची कित्येक दशकं रेंगाळत राहिली. १९७८मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने संगणक-प्रोग्रामना कॉपीराइटखाली आणा अशी शिफारस केली, आणि १९८०मध्ये कायद्यात प्रोग्रामची व्याख्या आली. तरीही रॉममधल्या आकड्यांना आणि ऑपरेटिंग सिस्टिमला हे संरक्षण आहे का, हे कुणी ठामपणे सांगितलेलं नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचं अंतर्गत कामकाज सांभाळणारे प्रोग्राम. त्यांच्या आधारानेच बाकीचे प्रोग्राम चालतात.

फ्रँकलिनची नक्कल

अ‍ॅपल टू हा संगणक १९७७मध्ये आला आणि जोरात खपला. त्याच्यासाठी लोकांनी ढिगांनी प्रोग्राम लिहिले. न्यू जर्सीच्या फ्रँकलिन कॉम्प्युटर या लहानशा कंपनीने १९८२मध्ये 'एस १००' नावाचं यंत्र काढलं. अ‍ॅपल टूसाठी लिहिलेले प्रोग्राम त्यावर जसेच्या तसे चालावेत, हाच त्यामागचा हेतू. मे १९८२मध्ये अ‍ॅपलने दावा लावला. सुनावणीच्या वेळी फ्रँकलिनकडे सुमारे ७५ माणसं होती आणि हजारही संगणक विकले गेले नव्हते, तर अ‍ॅपलची १९८१ सालची विक्री ३३.५ कोटी डॉलर होती. इतक्या छोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे अ‍ॅपल का लागली, हे उघड आहे: आज याला सोडलं तर उद्या पन्नास उभे राहतील.

वाद १४ प्रोग्रामचा होता. त्यांत यंत्र सुरू करणारा रॉममधला प्रोग्राम होता, डिस्क सांभाळणारा होता, बेसिक भाषा समजून घेणारा होता. नक्कल केली की नाही याबद्दल शंकेला जागाच नव्हती. फ्रँकलिनच्या प्रोग्रामच्या पोटात अ‍ॅपलच्या एका प्रोग्रामरचं नाव सापडलं. 'अ‍ॅपलसॉफ्ट' हा शब्दही तसाच राहून गेला होता. फ्रँकलिननेही नक्कल नाकारली नाही. अ‍ॅपलचे प्रोग्राम चालवायचे तर आम्हाला दुसरा मार्गच नव्हता, असं तिचं म्हणणं होतं.

हे म्हणणं नीट समजून घेण्यासारखं आहे. तहसील कचेरीची कल्पना करा. गावातल्या लोकांना वर्षानुवर्षं पाठ झालेलं असतं की सातबाऱ्याचा उतारा तीन नंबरच्या खिडकीवर मिळतो, उत्पन्नाचा दाखला पाच नंबरच्या. उद्या तुम्ही शेजारी नवी कचेरी बांधली, तर खिडक्यांचे नंबर तेच ठेवावे लागतील; नाहीतर आलेला माणूस गोंधळेल. पण खिडकीच्या आतले कारकून, त्यांची टेबलं, कपाटं, काम करण्याची रीत तुमची स्वतःची असू शकते. बाहेरून दुसऱ्याचा प्रोग्राम येतो, ठरलेल्या जागी काम मागतो आणि उत्तर घेऊन जातो. त्या ठरलेल्या जागा जुळल्या की यंत्र सुसंगत झालं.

अडचण अशी की अ‍ॅपल टूसाठी लिहिणारे लोक खिडकीशी थांबत नसत. ते आत शिरून अमुक टेबलाच्या अमुक खणातून कागद काढायचे, म्हणजे रॉममधल्या ठरावीक पत्त्यावर थेट उडी मारायचे. फ्रँकलिनच्या तांत्रिक अधिकाऱ्याने न्यायालयात सांगितलं की आपण ३० ते ४० तास अभ्यास केला आणि यंत्र सुरू करणाऱ्या त्या छोट्याशा प्रोग्राममध्ये बाहेरच्यांच्या शिरण्याच्या जागा इतक्या आहेत, की नवा लिहिणं शक्य नाही असं ठरवलं. मला ही साक्ष या खटल्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. अडचण खरी होती, पण तीस-चाळीस तास म्हणजे एका माणसाचा जेमतेम आठवडा. शक्य नाही म्हणण्याआधी लिहून बघण्याचा प्रयत्न झाला नव्हता.

फ्रँकलिनचे आक्षेप आणि न्यायालयाची उत्तरं

खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश क्लॅरेन्स न्यूकमर यांना प्रामाणिकपणे शंका होती. जुलै १९८२मध्ये त्यांनी फ्रँकलिनला तात्पुरती मनाई करायला नकार दिला. अ‍ॅपल अपिलात गेली, आणि ३० ऑगस्ट १९८३ रोजी फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने तो आदेश फिरवला. न्यायाधीश डोलोरेस स्लोव्हिटर यांनी लिहिलेला तो निकाल आजही वकिलीच्या अभ्यासात असतो.

फ्रँकलिनचा पहिला आक्षेप पियानोच्या गुंडाळीचाच होता: ऑब्जेक्ट कोड माणूस वाचू शकत नाही. न्यायालय म्हणालं, नव्या कायद्यात यंत्राच्या मदतीने वाचता येणं पुरेसं आहे. दुसरा आक्षेप, रॉम हा यंत्राचा भाग आहे. उत्तर असं की संरक्षण चिपला नाही, चिपमध्ये उतरवलेल्या लेखनाला आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार होता. ऑपरेटिंग सिस्टिम ही काम करण्याची पद्धत आहे, आणि पद्धतीवर कॉपीराइट नसतो. याला मोठा आधार होता. हिशेब लिहिण्याची नवी रीत सांगणारं पुस्तक एकाने छापलं म्हणून त्या रीतीने हिशेब लिहिण्यावर त्याचा हक्क निर्माण होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १८७९मध्येच म्हटलं होतं. स्लोव्हिटर यांनी हे तत्त्व मोडलं नाही, उलट तेच धरून उत्तर दिलं: अ‍ॅपल संगणकाला काम करायला लावण्याच्या रीतीवर हक्क सांगत नाहीये, त्यासाठी लिहिलेल्या विशिष्ट सूचनांवर सांगतेय. तेच काम करणारा दुसरा प्रोग्राम लिहिता येत असेल, तर अ‍ॅपलची कल्पना सगळ्यांना मोकळीच आहे. आणि आमचं यंत्र अ‍ॅपलशी पूर्ण जुळायलाच हवं, ही तुमची व्यापारी गरज झाली. तिच्यावरून कल्पना कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते हे ठरत नाही.

जानेवारी १९८४मध्ये तडजोड झाली आणि फ्रँकलिनने २५ लाख डॉलर मोजले. विशेष म्हणजे पुढे हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीने 'लेझर १२८' नावाचं अ‍ॅपल टूशी जुळणारं यंत्र काढलं. बेसिक तिने मायक्रोसॉफ्टकडून रीतसर परवान्याने घेतली, कारण अ‍ॅपलची बेसिक मुळात मायक्रोसॉफ्टचीच होती, आणि रॉममधला बाकीचा भाग स्वतः लिहिला. अशक्य म्हटलेलं काम झालं, आणि अ‍ॅपलला ते यंत्र थांबवता आलं नाही.

मग सुसंगत यंत्र बनवायचं कसं? आयबीएमची गोष्ट

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. तो घाईने तयार झाला होता, म्हणून बहुतेक भाग बाजारात मिळणारेच वापरले होते. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि तीही मायक्रोसॉफ्ट इतरांना विकू शकत होती. संपूर्णपणे आयबीएमचा म्हणावा असा महत्त्वाचा तुकडा एकच उरला: बायोस. यंत्र सुरू झाल्याबरोबर जागा होणारा आणि पडदा, कळफलक, डिस्क यांच्याशी बोलणारा रॉममधला छोटा प्रोग्राम म्हणजे बायोस.

इथे एक तांत्रिक फरक आहे, आणि माझ्या मते पुढचं बरंच काही त्यामुळे सोपं झालं. आयबीएमच्या रचनेत बायोसकडे काम मागायचं ते प्रामुख्याने क्रमांकाने. पडद्यासाठी १०, डिस्कसाठी १३, कळफलकासाठी १६, असे हेक्स पद्धतीचे, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीचे क्रमांक. म्हणजे या कचेरीत लोक बहुतेक वेळा खिडकीवरच थांबत. आत टेबलं कशीही मांडा, खिडकीचा नंबर जुळला की काम भागतं. नवा बायोस लिहिण्याला त्यामुळे खूपच मोकळीक मिळाली.

पण एक मोठा धोकाही होता. आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत बायोसचा संपूर्ण सोर्स कोड छापला होता. विकत घ्या आणि वाचा. प्रोग्रामरच्या दृष्टीने हा खजिनाच, पण प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीने त्यात जोखीम होती. ज्याने ती पानं वाचली, त्याने नंतर लिहिलेली प्रत्येक ओळ आठवणीतून उतरवल्याचा आरोप होऊ शकत होता. कोड उघड छापला म्हणून त्यावरचा कॉपीराइट जात नाही. हे आजही पुष्कळांना माहीत नसतं: इंटरनेटवर दिसतंय म्हणजे फुकट वापरता येतं, असं नाही.

फेब्रुवारी १९८२मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो या तिघांनी ह्यूस्टनमध्ये कॉम्पॅक ही कंपनी काढली. त्यांनी काम दोन गटांत वाटलं. एका गटाने आयबीएमचा बायोस वाचला, तपासला आणि तो काय करतो याचं वर्णन लिहिलं: अमुक मागणी आली की अमुक उत्तर द्यायचं, चूक झाली तर अमुक खूण ठेवायची. त्यात मूळ कोडची एकही ओळ घ्यायची नाही. दुसऱ्या गटात आयबीएमचा कोड कधीही न पाहिलेली माणसं. त्यांनी फक्त वर्णन वाचून नवा बायोस लिहिला. या पद्धतीला क्लीन रूम म्हणतात.

उचलून नेता येईल असा, पण साडेबारा किलोच्या आसपास वजनाचा कॉम्पॅक पोर्टेबल नोव्हेंबर १९८२मध्ये जाहीर झाला आणि १९८३मध्ये ग्राहकांच्या हातात पडू लागला. पहिल्याच वर्षी ५३,००० यंत्रं आणि ११.१ कोटी डॉलरची विक्री झाली. आयबीएमला या बायोसवर बोट ठेवता आलं नाही. ज्यांनी ही काळजी घेतली नव्हती त्यांचं काय झालं, तेही दिसतं: ईगल आणि कोरोना या कंपन्यांवर आयबीएमने १९८४मध्ये दावे लावले, आणि दोघींना तडजोड करून आपला बायोस बदलावा लागला.

त्याच वर्षी फीनिक्स या कंपनीने क्लीन रूममध्ये लिहिलेला बायोस कुणालाही परवान्याने द्यायला सुरुवात केली. त्यासाठी तिने इंटेलच्या त्या प्रोसेसरवर कधी कामच न केलेला प्रोग्रामर शोधला होता, म्हणजे आयबीएमचा कोड त्याने पाहिला असण्याची शक्यताच नको. कॉपीराइटचा दावा झाला तर खर्च भागावा म्हणून विमाही उतरवून ठेवला. आता पीसी बनवायला कॉम्पॅकएवढं भांडवल लागेनासं झालं. भाग विकत घ्या, बायोस परवान्याने घ्या, मायक्रोसॉफ्टची सिस्टिम चढवा, जोडा आणि विका. लॅमिंग्टन रोडवरचे असेंबल्ड पीसी याच वाटेने आपल्यापर्यंत आले. नव्वदच्या दशकात संगणक चालू केल्यावर काळ्या पडद्यावर फीनिक्स, अवॉर्ड किंवा एएमआय अशी नावं यायची ती अनेकांना आठवत असतील. ते हे आयबीएमचे नसलेले बायोस.

पण ही पळवाटच नव्हे का?

हा आक्षेप मनापासूनचा असतो. आयबीएमने डोकं लावलं, पैसा घातला आणि दुसऱ्याने वर्णन लिहून घेऊन तेच उभं केलं. हे न्याय्य आहे का?

माझं उत्तर होकारार्थी आहे. कॉपीराइट सहज मिळतो. अर्ज लागत नाही, नवेपणा सिद्ध करावा लागत नाही आणि तो टिकतो अनेक दशकं. इतक्या स्वस्तात मिळणारा हक्क कामावरच बसवला, तर पहिल्या खिडकीला तीन नंबर देणारा माणूस त्या शहरात दुसरी कचेरीच उघडू देणार नाही. कामाची युक्ती खरोखर अस्सल असेल तर पेटंटचा दरवाजा उघडा आहे. तिथे परीक्षा कडक आणि मुदत थोडी. आणि क्लीन रूममध्ये कष्ट वाचत नाहीत. उलट तेच काम दोनदा करावं लागतं, शिवाय कुणी काय वाचलं आणि कुणी काय लिहिलं याची रोजची नोंद ठेवावी लागते.

क्लीन रूम पाळलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. ती पुराव्यासाठी असते. १९८९मध्ये इंटेल आणि जपानच्या एनईसी यांच्या खटल्यात हे स्पष्ट झालं. प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोडलाही, म्हणजे प्रत्येक सूचना कशी पार पाडायची हे प्रोसेसरला सांगणाऱ्या कोडलाही, कॉपीराइट मिळतो, असं न्यायालय म्हणालं. पण एनईसीने स्वतंत्र माणसाकडून क्लीन रूममध्ये तोच मायक्रोकोड लिहवून घेतला होता आणि तोही काही ठिकाणी इंटेलसारखाच झाला. मूळ कोड न पाहताही तसंच लिहिलं जात असेल, तर ते साम्य कामाच्या गरजेतून आलंय. एनईसी जिंकली.

पडद्यावर दिसतं त्याचं काय?

पुढचे वाद दिसण्याचे आणि वापराचे झाले. पडद्यावरच्या चौकटी (विंडो) आणि चित्रं यांच्या रूपावरून अ‍ॅपलने १९८८मध्ये मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचलं आणि ती हरली. बहुतेक गोष्टींचा परवाना १९८५च्या करारात तिनेच दिला होता. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमधल्या ४६९ आज्ञांची मांडणी बोर्लंड कंपनीने आपल्या प्रोग्राममध्ये घेतली, मात्र आतला कोड स्वतः लिहिला. १९९५मध्ये अपील न्यायालयाने ती मांडणी म्हणजे यंत्र चालवण्याची पद्धत ठरवली, व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरच्या बटणांसारखी. सर्वोच्च न्यायालयात मतं चार विरुद्ध चार पडली आणि तो निकाल कायम राहिला.

गूगल आणि ओरॅकलच्या खटल्यात तोच मुद्दा पुन्हा आला. गूगलने अँड्रॉइडसाठी जावा भाषेतल्या सुमारे ११,५०० ओळी घेतल्या होत्या, त्याही मुख्यतः कामं मागण्याची नावं आणि रचना ठरवणाऱ्या. या ओळींवर कॉपीराइट आहे की नाही हे न ठरवताच, गूगलचा वापर न्याय्य होता असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं.

एआयला क्लीन रूम लागू होते का?

कोड लिहिणाऱ्या एआयबद्दल अवघड प्रश्न इथेच आहे. क्लीन रूमचा सगळा जोर एका गोष्टीवर होता: लिहिणाऱ्याने मूळ पाहिलेलं नाही. एआय मात्र इंटरनेटवरचा प्रचंड कोड वाचूनच तयार झालेलं असतं. एखाद्याने जुन्या प्रोग्रामचं फक्त वर्णन देऊन एआयकडून नवा लिहवून घेतला, तरी मूळ कोड त्याच्या प्रशिक्षणात असेल तर 'न पाहिलेला लेखक' कुठून आणायचा? याचा अर्थ एआयने दिलेली प्रत्येक ओळ नक्कल असते असा नाही. दोन कोडमधलं साम्य कामाच्या गरजेतून आलं की मजकुरातून, ही कसोटी शिल्लक राहतेच. पण फीनिक्सकडे जो सरळ पुरावा होता, तो एआय वापरणाऱ्या कंपनीकडे नसेल.

आपल्या कायद्यात काय आहे?

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४मध्ये, फ्रँकलिनच्या निकालाच्या पुढच्याच वर्षी, संगणक-प्रोग्राम साहित्यकृतीच्या व्याख्येत आले. म्हणजे आपल्याकडेही मजकुराला संरक्षण आहे. १९९९च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये सुसंगततेसाठी स्पष्ट जागा ठेवली. तुमच्याकडे प्रोग्राम कायदेशीररीत्या आलेला असेल, तर तुमचा स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती तुम्ही आत डोकावून मिळवू शकता. अट एवढीच की ती माहिती दुसरीकडे सहज मिळत नसावी. प्रोग्राम चालवून, निरीक्षण करून, चाचण्या घेऊन त्यामागची तत्त्वं शोधायलाही मुभा आहे.

एखाद्या पतसंस्थेचे वीस वर्षांचे हिशेब जुन्या प्रोग्राममध्ये अडकलेत आणि तो बनवणारी कंपनी बंद पडलीय, अशा वेळी हे कलम उपयोगी पडतं. प्रोग्राम पतसंस्थेने रीतसर विकत घेतलेला असेल, तर त्याच्या फाइलींची रचना उलगडून तेच हिशेब वाचणारा नवा प्रोग्राम लिहिणं यात बसू शकतं. जुन्या प्रोग्रामचा कोड उचलून नव्यात डकवणं बसत नाही. हे काम करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून कुणी काय पाहिलं आणि कुणी काय लिहिलं याची वही ठेवावी.